काटकोनाला उर्दूत काय म्हणतात

१९७९ साली सिरसाळ्यात आमच्या घराची आखणी झाली. परळी तालुक्यातलं, परळी-तेलगाव रस्त्यावरचं आमचं गाव. जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्यामुळं पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो आणि आखणीत चूक झाली तर ती पार छतापर्यंत चढते. मिस्त्री गुण्या घेऊन आला होता, पण आबांचा त्या गुण्यावर विश्वास नव्हता. आबा म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ. त्यांनी घरातून सुतळीचा एक फेरा आणला. त्याला हातहात अंतरावर बारा गाठी मारलेल्या.

"तीन इकडं धर, चार तिकडं, पाच तिरपे. ताण आता. झाला जाविया कायमा."

मिस्त्री म्हणाला, "काय झाला?"

"काटकोन रे."

मी तेव्हा नववीत होतो. पायथागोरसचा सिद्धांत पाठ होता, पण तो सुतळीत बसतो हे ठाऊक नव्हतं. कुठं शिकलात, असं विचारल्यावर आबा म्हणाले, "परळीला. मौलवीसाबांकडं." एवढंच. ज्या आदरानं लोक वैजनाथाचं नाव घेतात, त्याच आदरानं ते हे नाव घ्यायचे.

पुढं मी औरंगाबादला सिव्हिल इंजिनियरिंग केलं, नोकरीत बरंच फिरलो आणि आबांच्या त्या दोन शब्दांमागं केवढा इतिहास होता ते हळूहळू कळत गेलं. त्या इतिहासाबद्दल आमच्याकडं फार बोललं जात नाही. एक तर तो निजामाचा, दुसरं म्हणजे उर्दूचा.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. गावात पहिली बुकं मराठीत शिकता यायची, पण वरच्या शाळेत गेलं की उर्दू. मराठी घरातल्या पोरांना त्या लिपीतली सगळ्यात मोठी अडचण आबा सांगायचे ती चार अक्षरांची: जाल, जे, ज्वाद आणि जोय. ऐकायला चारही सारखीच, लिहायला चार तऱ्हा. कुठल्या शब्दात कुठला, याला नियम नाही, पाठच करायचं. आबांच्या हातावर त्या चार अक्षरांचे वळ उठले होते म्हणे. भूमितीत मात्र ते पहिले. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया, भूमिती म्हणजे हंदसा. आणि याच हंदशावरून इंजिनियर तो मुहंदिस.

हे शब्द खेड्यातल्या शाळेपुरते नव्हते. १९१७ साली सातव्या निजामानं उस्मानिया विद्यापीठाचं फर्मान काढलं आणि ठरवलं की तिथं सगळं शिक्षण उर्दूतून होईल. इंग्रजी भाषा म्हणून सक्तीची, पण पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा सगळं उर्दूत. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतराचं खातं उघडलं. एकेका परिभाषेवर पंडित मंडळी वाद घालत बसायची. शब्द अरबीतून घ्यायचा, फारसीतून घ्यायचा की बोलीतला चालवायचा? कवी जोश मलीहाबादी काही वर्षं या खात्यात नोकरीला होते. १९२९ साली उस्मानियाचं इंजिनियरिंग कॉलेज सुरू झालं आणि तिथंही माध्यम उर्दूच राहिलं. पूल, धरण, तुळई, दाब, ताण सगळं उर्दूत. देशी भाषेतून अभियांत्रिकीची पदवी देण्याचं धाडस आपण मराठीवाल्यांनी भाषणात पुष्कळदा केलं. हैदराबादेनं ते वर्गात करून दाखवलं. त्यामागं राज्यकर्त्यांच्या भाषेचा सोस होता आणि तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेवर ती लादली गेली, हे खरंच आहे. पण तिथल्या मास्तरांची मेहनत त्यामुळं खोटी ठरत नाही.

आमच्या भागातून पुण्याला जाणं म्हणजे दुसऱ्या मुलखात जाणं. हैदराबादला जाणं सोपं. १९३० च्या दशकात विकाराबाद-बिदर-उदगीर करत रेल्वे परळीपर्यंत आली होती. संध्याकाळी भाकरीचं गाठोडं घेऊन बसायचं, की पोरगं थेट राजधानीत. तिथं मराठी माणसाला टेकायला जागा होत्या. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांनी १९०७ साली काढलेली विवेक वर्धिनी शाळा होती, सुलतान बाजारात मराठी घरं होती. शिकून बाहेर पडलं की नोकरी बहुतेक तामीरातमध्ये. तामीरात म्हणजे सरकारी बांधकाम खातं. त्यातला कार्यकारी अभियंता तो मोहतमीम. आमच्याकडचे म्हातारे अजूनही कुणाच्या तोऱ्याची चेष्टा करायची तर 'मोठा मोहतमीमच लागून गेला' म्हणतात आणि नातवंडांना वाटतं ही काहीतरी शिवी आहे.

पुण्याची शिकवण हैदराबादला अजिबात पोचली नव्हती असं मात्र नाही. ती एका माणसाच्या रूपानं आली. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला प्रलय आला आणि शहरात हजारो माणसं गेली. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं बोलावलं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना. ते पुण्याचे विद्यार्थी. १८५४ साली सुरू झालेला पुण्याचा इंजिनियरिंगचा वर्ग तोवर 'कॉलेज ऑफ सायन्स' झाला होता. तिथून १८८३ साली ते पहिल्या नंबरानं बाहेर पडले. कॉलेजचे प्रमुख होते थिओडोर कुक. मूळचे रेल्वेचे इंजिनियर, पण निवृत्तीनंतर या माणसानं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा कोश लिहिला आणि वनस्पतीशास्त्रवाले त्यांना आपलाच समजतात. पूल बांधता बांधता झाडांची नावं टिपणारा प्राचार्य मिळणं हे विद्यार्थ्यांचं नशीबच. विश्वेश्वरय्यांनी मुसीवर आणि तिच्या ईसी या उपनदीवर वरच्या अंगाला पाणी अडवायचा सल्ला दिला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. उस्मानियात शिकणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना धरण म्हणजे काय ते दाखवायला मास्तर तिथंच नेत असणार, असं मला आपलं वाटतं. राजधानीच्या वेशीवर दोन नवीकोरी धरणं असताना दुसरीकडं कशाला नेतील?

या सगळ्या गोष्टीत १९३८ चं साल मोठं वाईट आणि मोठं चांगलंही. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या कॉलेजातल्या वसतिगृहात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हटलं. बंदी आली, मुलं ऐकेनात; वणवा हैदराबादच्या वसतिगृहांत पोचला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी झाली. नागपूर विद्यापीठानं त्यांना दार उघडलं. त्यातले एक पी. व्ही. नरसिंह राव. हे औरंगाबादचं कॉलेज म्हणजे उस्मानियाचंच इंटरमिजिएट कॉलेज, जिथं १९२० च्या दशकात उर्दूचे पितामह मौलवी अब्दुल हक प्राचार्य होते. उर्दूच्या त्या थोर माणसाचं कॉलेज, त्यातल्या मराठी पोरांचं बंड आणि त्यांना आसरा देणारं नागपूर. हा नकाशा आज कुणाला समजावून सांगायचा म्हणजे दमछाक होते.

त्याच काळात आमच्यापासून जवळच, मोमिनाबादला म्हणजे आताच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून १९३५ साली ते तिथं आले. तीन वर्षांनी शाळा सोडून ते लढ्यात उतरले आणि त्यांचे विद्यार्थी त्यांच्यामागून गेले. मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाची गोष्ट सेनापतींपेक्षा मास्तरांची आहे, असं मी म्हणतो तेव्हा मित्र हसतात. पण यादी काढून बघावी.

आबा १९४७ साली मॅट्रिक झाले. मौलवीसाबांनी हैदराबादच्या कॉलेजसाठी चिठ्ठी लिहून दिली. मुलगा हिशेबात पक्का आहे, जोयमध्ये कच्चा आहे, असं त्यात लिहिलं होतं म्हणे. ती चिठ्ठी घेऊन आबा कधीच गाडीत बसले नाहीत. रझाकारांचा सुळसुळाट झाला, रेल्वेनं जाणं जिवावरचं झालं, गावोगाव लोक सरहद्दीपलीकडच्या छावण्यांकडं निघाले. मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. १७ तारखेला संस्थान मोकळं झालं. त्यानंतरच्या दिवसांत बऱ्याच मुसलमान घरांवरही जे गुदरलं ते आमच्या पिढीला मोठ्यांनी दबक्या आवाजातच सांगितलं. मौलवीसाब परळी सोडून बहिणीकडं हैदराबादला गेले. उस्मानियाचं माध्यमही लवकरच इंग्रजी झालं. ज्या भाषेत आबांनी इंजिनियर व्हायचं ठरवलं होतं, त्या भाषेत इंजिनियर होणंच बंद झालं.

ज्यांनी उस्मानियातून पदवी घेतली होती त्यांचंही जग १ नोव्हेंबर १९५६ ला फाटलं. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. एका वर्गातली मुलं: तेलुगू बोलणारी आंध्रात, कन्नड बोलणारी म्हैसुरात, मराठी मुंबई राज्यात. शिकवणारे हैदराबादला. सेवापुस्तकं वेगळी, वरिष्ठतेच्या याद्या वेगळ्या, फायलींची भाषा वेगळी. पुण्यात शिकलेले सहकारी 'सीओईपी' म्हणून एका हाकेसरशी गोळा व्हायचे. यांनी कुणाला हाक मारायची? ज्या राज्यानं ते कॉलेज काढलं ते राज्यच उरलं नव्हतं. ते कॉलेज मग पत्रांत राहिलं. ईदेला आणि दिवाळीला जाणाऱ्या कार्डांत, हैदराबादला लग्नाला गेल्यावर वाकडी वाट करून सरांच्या घरी टेकवलेल्या पाच मिनिटांत. आबा तर त्या कॉलेजात पाऊलही न ठेवलेले. पण मौलवीसाबांना त्यांचं कार्ड वर्षातून दोनदा जायचं. गावात तेव्हा लोक विचारायचे, आता उर्दूत कुणाला लिहिताव? आबा म्हणायचे, "ज्यानं शिकवली त्याला."

मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली आणि औरंगाबादचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज १९६० साली. कऱ्हाडचं सरकारी कॉलेजही त्याच वर्षीचं. पहिल्या तुकड्या बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्यासाठी काम तयार होतं. ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. या धरणाची एक गंमत बीडवाले हटकून सांगतात. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. धरण मुळात तिथं व्हायचं होतं. जागा बदलून ती वर पैठणला गेली, नाव मात्र बीडचंच राहिलं. म्हणून दहा किलोमीटर लांबीची, २७ दारांची ती भिंत पैठणला आहे आणि तिचं नाव ऐकून बीडचा माणूस उगाच ताठ बसतो. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. उजवा कालवा आमच्याकडं माजलगावच्या तलावापर्यंत आला. त्याआधी १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या हजेरीपटावर सह्या करायला याच नव्या कॉलेजातले कनिष्ठ अभियंते उभे होते. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झालं, तिथंही हेच. आमच्याकडं इंजिनियर हा शब्द त्या चिमणीच्या धुरासोबत घरोघर पोचला. १९८३ नंतर वसंतदादांच्या धोरणानं विनाअनुदानित कॉलेजं निघाली आणि मग काय, ज्याच्या दोन पट्ट्या जास्त त्याचं पोरगं इंजिनियर. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी चांगलं बोलणार नाही.

हे सगळं मला नीट दिसलं ते सिंगापुरात. तिथं मी काही वर्षं बांधकामात होतो आणि शेजारच्या टेबलावर एक बर्मी इंजिनियर होता. रंगूनच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा. आमच्याकडं बर्मा म्हणजे रंगुनी सागवान आणि टिळकांचं मंडाले. १९३७ पर्यंत तो मुलूख हिंदुस्थानातच मोडत होता हेही आपण विसरलो. एका शनिवारी तो लवकर निघाला. म्हणाला, 'सया पूजॉ प्वे' आहे. मी विचारलं, पूजा? तो म्हणाला, हो, तोच शब्द, पालीतून आलेला. सया म्हणजे शिक्षक, प्वे म्हणजे उत्सव. जुने विद्यार्थी हॉलभर जमतात, शिक्षकांना पुढं बसवतात आणि मोठमोठ्या कंपन्यांत साहेब झालेली माणसं गुडघे टेकून, हात जोडून जमिनीवर माथा ठेवतात. बर्मी लोक पाच 'अनंत' मानतात: बुद्ध, धम्म, संघ, आईबाप आणि शिक्षक. म्हणजे शिक्षकाची जागा थेट बुद्धाच्या रांगेत. असा एक मोठा मेळा २००० साली सॅन फ्रान्सिस्कोला भरला होता, मग सिंगापुरातही भरू लागला. नमस्कारावर भागत नाही. वृद्ध शिक्षकांच्या औषधपाण्यासाठी पैसे गोळा होतात.

मी म्हटलं, तुमच्या कॉलेजातच का नाही करत? तो हसला. कॉलेज कुठंय, म्हणाला. सोव्हिएत रशियानं बांधून दिलेल्या त्या आवारातून १९८८ च्या मार्चमध्ये सगळं पेटलं. १२ तारखेला एका चहाच्या दुकानात भांडण झालं, दुसऱ्या दिवशी फोन मॉ नावाचा विद्यार्थी गोळीनं मेला आणि त्यातूनच ऑगस्टचा तो देशव्यापी उठाव झाला. मग विद्यापीठं बंद. १९९१ पर्यंत बंद, १९९६ पासून पुन्हा २००० पर्यंत बंद. कॉलेजचं नावही बदललं. जो तो मिळेल त्या देशात गेला. "शिक्षक आहेत आणि आम्ही आहोत," तो म्हणाला, "म्हणून अजून पत्ता आहे." मला आबा आठवले. त्याच्याकडं इमारतीचा फोटो होता, आबांकडं तोही नव्हता.

परत आलो तोवर गावात गेट-टुगेदरचं पेव फुटलं होतं. दहावीच्या तुकडीचा ग्रुप, ग्रुपच्या अॅडमिनचा रुबाब, चौकात पंधरा फुटी बॅनर. बॅनरवर गुरुजींच्या फोटोपेक्षा प्रायोजकाचा फोटो मोठा, हे आमच्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य. सप्टेंबरात तर सोयच असते. पाच तारखेला शिक्षक दिन, पंधराला विश्वेश्वरय्यांच्या जयंतीचा अभियंता दिन, सतराला मुक्तिसंग्राम दिन. तिन्हीला मिळून एकच मांडव घालतात. चेष्टा करतो खरी, पण फेटे बांधून रांगेत बसलेले आमचे गुरुजी एकेकाच्या हातावरचे वळ चाचपून 'हा माझाच' म्हणत होते तेव्हा मीही रांगेत हात पुढं करून उभा होतो. औरंगाबादच्या आमच्या तुकडीचंही असंच चालतं. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, प्रमाणपत्रावर जुनंच आहे, आणि सरांना फोन केला की ते अजूनही आधी रोल नंबर विचारतात.

आबा १९९४ साली गेले. त्यांची पत्र्याची पेटी उघडायला कुणाला सवड नव्हती. मी सिंगापूरहून आल्यावर उघडली. सुतळीचा तो फेरा होता, गाठी मळून काळ्या झालेल्या. खाली रबरानं बांधलेली पोस्टकार्डं, सगळी हैदराबादची, सगळी उर्दूत. घरात एकालाही वाचता येईना. शेवटी बाजारपेठेत एका कापड दुकानदाराकडं गेलो. त्यांनी गिऱ्हाईक थांबवून चष्मा लावला आणि सगळ्यात वरचं, १९८१ सालचं कार्ड वाचायला घेतलं. आबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, मौलवीसाब ऐंशीच्या घरात असतील.

डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, डाव्यानं अजून अंधुक दिसतं. परळीची गाडी आता किती वाजता सुटते? घर पुरं झालं हे वाचून आनंद झाला. पावसाळ्यात भिंतीला तडा गेला का ते कळव. मुलांना दुआ.

दुकानदार थांबले आणि हसायला लागले. मग कार्ड माझ्यापुढं धरून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

मागच्या खतात तू लिहिलंस, तुमच्या पत्राचा इंतजार आहे. इंतजार जोयनं लिहितात. तू पुन्हा जेनं लिहिलास.